गुडघ्याला गेरू-चुना

आमच्या फ्रीजरमध्ये मटारची एक पिशवी आहे, जी कुणी खायची नाही. तिला मी लाल दोरा बांधून ठेवलाय. एकदा गडबडीत मी तिचाच पुलाव करायला घेतला होता, तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "अगं, माझा गुडघा शिजवतेस की काय?" त्या दिवसापासून हा दोरा.

भोपाळात थंडीत मटार स्वस्त झाला की घरोघरी ढिगानं आणतात, उन्हात बसून सोलतात आणि वर्षाची बेगमी करून ठेवतात. इतकी वर्षं इथे काढल्यावर मीही करते. त्यातली एक पिशवी ह्यांच्या उजव्या गुडघ्याच्या वाट्याला गेली. मुलानं पुण्याहून निळ्या जेलची चांगली शेकायची पिशवी पाठवली होती, गरमही करता येते आणि गारही. ती ह्यांच्या पसंतीला उतरली नाही. ती म्हणे गुडघ्यावर ताठ बसते, सगळीकडून टेकत नाही. मटार कसा गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या खाचाखोचांत जाऊन बसतो. मी म्हटलं, बसू दे बापडा.

कुठली गोष्ट कुठे नीट टेकते आणि कुठे टेकत नाही, हे बघण्यात ह्यांचा जन्म गेला. इथल्या सोनागिरी भागाला लागून जो मोठा सरकारी कारखाना आहे, तिथे हे इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेल्या भागाला तिथे जॉब म्हणतात. जॉब उतरतो तेव्हा तापलेला असतो आणि तापलेलं लोखंड जरासं फुगलेलं असतं. गार असेल तर आखडलेलं. म्हणून तो आधी मापाच्या खोलीत नुसता ठेवून द्यायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि मगच मोजायचा, हा ह्यांचा नियम. कितीही घाईचा माणूस आला तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसवायचे. तीच तऱ्हा घरी. आमटीचं मीठ मी पातेलं उतरवल्या उतरवल्या चाखलं की म्हणणार, "थांब जरा. तापलेल्या जिभेवर काय कळणार आहे?" ह्या थांब जराचा मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वीट आहे.

कारखान्याच्या वसाहतीत आणखी एक रीत होती. दिल्लीहून कुणी मोठा साहेब येणार असला की आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या दगडांना आणि झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागायचा. खाली लाल, वर पांढरा पट्टा. तोही साहेबांची गाडी ज्या रस्त्यानं जाणार त्याच रस्त्याला. आमच्या क्वार्टरसमोरचं नळाचं डबकं तसंच, आणि त्याच्या काठचे दगड मात्र नवरदेवासारखे सजलेले. ह्यांना त्याचा भयंकर राग यायचा. पाहुणे येणार म्हणून मी उशांचे अभ्रे बदलले तरी विचारायचे, "झाला का गेरू-चुना?" मुलगा शाळेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी वह्यांना कव्हरं घालत बसला की त्यालाही हेच. आमच्या घरात तो शब्द शिवीसारखा वापरला जायचा.

निवृत्तीच्या वेळी क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा बरोबरीची मराठी मंडळी बरीचशी पुण्याला, नागपूरला परत गेली. आम्ही इथेच, सोनागिरीतच, दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्ट नाही. तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं, कारण जिने हा काही विचार करण्याचा विषय नव्हता. गच्चीतून कारखान्याच्या बाजूची झाडी दिसते आणि वारा तिकडून असला की भोंगाही ऐकू येतो. ह्यांनी घर घेतलं ते त्या भोंग्यासाठी, असा माझा दाट संशय आहे.

मग गुडघा आला. म्हणजे होता तिथेच, पण आता तो घरातला तिसरा माणूस असल्यासारखा वागायला लागला. जिना उतरताना कळ, खाली बसलं की कळ, पावसाळ्याच्या शेवटी तर असा सुजला की वाटी कुठे आहे ते हातानं शोधावं लागायचं. डॉक्टरांनी झीज सांगितली, गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपी करायला सांगितली. मी फोनवर मुलाला सगळं खरं खरं सांगून बसले. हीच माझी चूक झाली, असं मला तेव्हा वाटलं.

मुलगा पुण्यात असतो. त्याच्याच सोसायटीत, त्याच्याच इमारतीत एक घर रिकामं होणार होतं. त्यानं फोटो पाठवले. लिफ्ट दिसली, लिफ्टच्या आतला आरसासुद्धा दिसला. आठवड्यातून दोनदा त्याचा फोन यायचा आणि दोन्ही वेळा लिफ्ट यायची. शेवटी म्हणाला, "आई, सीधी बात आहे. दिवाळीला मी येतो. बाबा जिना कसे चढतात-उतरतात ते मी माझ्या डोळ्यांनी बघतो. ठीक असेल तर मी परत विषय काढणार नाही. नसेल तर सामान बांधायचं. मग नाटकं नाही करायची, दोघांनीही."

लहानाचा मोठा इथे झालेला मुलगा. चिडला की त्याच्या मराठीत निम्मी हिंदी येते. पण चिडला होता तो काळजीनं, हे न कळण्याइतकी मी काही मूर्ख नाही.

मला जायचं नव्हतं. स्वच्छच सांगते. मी इथे आले तेव्हा मला हिंदीत कोथिंबीर मागता येत नव्हती. भाजीवाल्यासमोर बोट दाखवत उभी राहायची मी. आज त्याच भाजीवाल्याच्या सुनेला बाळंतपणात काय खायचं ते मी हिंदीत सांगते आणि ती ऐकते. इथल्या बायकांच्या भजनाच्या घोळक्यात मी आहे, चाळीच्या वरताण भांडणाऱ्या आमच्या गच्चीच्या राजकारणात मी आहे. पुण्यात मी कोण? मुलाची आई. ते काही वाईट नाही, पण दिवसभर पुरणारंही नाही. आणि ह्यांचं म्हणाल तर ते काहीच बोलत नव्हते. फक्त व्यायाम दुप्पट करायला लागले होते.

फिजिओथेरपीला आम्ही साकेत नगरला जायचो. तिथे मोठ्या हॉस्पिटलच्या आसपास दवाखान्यांची, औषधांच्या दुकानांची आणि रिक्षांची अखंड जत्रा असते. त्यात एका गल्लीत तळमजल्यावर एका मुलीचं लहानसं सेंटर होतं. मुलगी म्हणजे तिशीची असेल, उज्जैनच्या मराठी घरातली. तिचं मराठी ऐकलं की मला क्षिप्रेच्या घाटावर बसल्यासारखं वाटायचं. मराठीच, पण पाण्यात सोडलेलं. आम्हाला काका-काकू म्हणायची आणि ह्यांना बिनदिक्कत रागवायची. त्याबद्दल मला ती फार आवडायची.

बर्फाचं तंत्र तिनंच शिकवलं. कोरडा पंचा गुंडाळायचा, पिशवी थेट कातडीवर लावायची नाही, कातडी सुन्न होऊन पांढरी पडेपर्यंत तर मुळीच ठेवायची नाही. व्यायामानंतर लावायची. सूज उतरते, ठणका कमी होतो, मग गुडघा आधीपेक्षा सहज वाकतो. हे सगळं ह्यांना मान्य होतं. गाडी अडली ती पुढच्या सूचनेवर.

"आणि काका, बर्फ काढला की एकदम उठायचं नाही हं. बैठे रहो थोडा. गुडघा परत आपल्या गरमीवर आला पाहिजे."

"का? आता तर दुखत नाहीये. आताच चालायला बरं."

"दुखत नाहीये हेच तर आहे ना," ती म्हणाली. "या, तुम्हाला दाखवूनच देते."

तिनं आधी, बर्फ लावण्यापूर्वी, ह्यांना पलंगावर पाय लोंबते सोडून बसवलं, डोळे मिटायला लावले आणि त्यांचा पाय हातानं उचलून अर्धवट सरळ केला. थोडा वेळ धरला, खाली सोडला. मग म्हणाली, आता तुम्ही स्वतः तेवढाच उचला. ह्यांनी उचलला. जवळपास तिथेच आला. हे खूश. मग भिंतीजवळ उभं करून एका पायावर तोल सांभाळायला लावला. डुगडुगले, पण उभे राहिले. मग बर्फ. मग पुन्हा तेच सगळं.

बर्फानंतर ह्यांचा चेहरा खुलला होता. दुखणं गेलं, म्हणाले, अजिबात नाही. पण डोळे मिटून उचललेला पाय कुठल्या कुठे गेला. तिनं धरला होता त्याच्या बराच वर. ह्यांना पत्ताच नाही. अगदी आत्मविश्वासानं हवेत धरून बसले होते. एका पायावर उभं केलं तर असे हलले की तिनं झटकन कंबरेला हात घातला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "सांध्याच्या आत खबर देणारे असतात, गुडघा किती वाकला, वजन कुठे पडलं, ते सगळं वर कळवत राहतात. गारव्यानं त्यांची खबर जरा स्लो होऊन जाते. थोड्या वेळापुरती. सगळ्यांना सारखंच होतं असं पण नाही, कुणाला कमी, कुणाला काहीच नाही. पण काकांना होतं, हे तर आपण आत्ताच पाहिलं की नाही? मग जिन्यावर रिस्क कशाला घ्यायचा?"

मला ह्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की वर्मी लागलंय. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली चूक काढली, त्याला स्वतःच्या पायाची जागा सांगता आली नव्हती. मी म्हटलं, "जॉब गार असताना मोजू नये, तुम्हीच सांगता ना?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं मी गिळलं.

निघताना ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही पण एकदा उभ्या राहा ना एका पायावर. आल्याच आहात तर बघून घेते."

"मला काय झालंय? माझे गुडघे ठणठणीत आहेत," मी म्हणाले आणि पर्स उचलली. खरंच ठणठणीत होते. आजही आहेत.

मग घरी रोज सकाळी व्यायाम, बर्फ आणि त्यानंतरचं बसणं असा क्रम सुरू झाला. त्या बसण्याच्या वेळी मीही शेजारी बसायला लागले, नाहीतर हे उठले असते. टीव्ही लावायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण तो लागायचा नाही. गुडघा आपल्या गरमीवर येईपर्यंत आम्ही बोलायचो. ह्यांनी मला कारखान्यातल्या अशा काही गोष्टी सांगितल्या ज्या नोकरीत असताना कधी घरी आणल्या नव्हत्या. एकदा वरिष्ठ साहेब डोक्यावर उभे होते आणि जॉब अजून कोमट होता, तरी ह्यांनी मोजायला नकार दिला, आणि त्या रात्री घरी येऊन मला काहीही न सांगता दोन घास कमी जेवले होते. मला तो दिवस आठवेना. दोन घास कमी जेवलेले दिवस मला वाटलं होतं माझ्या स्वयंपाकामुळे असतील. आम्ही दोघंही हसलो. थांब जराचा माझा वीट त्या दिवसांत थोडा कमी झाला, हे मला कबूल केलं पाहिजे.

संध्याकाळी आम्ही खाली फिरायला जायचो. मी ह्यांच्या डाव्या कोपराला धरायची आणि एकेक पायरी उतरायचो. कठडा एकाच बाजूला, तो ह्यांच्या उजव्या हाताला. माझ्या बाजूला नुसती भिंत. पहिल्या मजल्यावरची शेजारीण दारात असली की हमखास म्हणायची, "भाभीजी, भाईसाहब का कितना खयाल रखती हैं आप." मी वरवर "अरे नहीं नहीं" करायची आणि आत बरं वाटून घ्यायची. आपण कुणाला तरी धरून आहोत, हे म्हाताऱ्या वयात फार उपयोगी वाटतं.

दिवाळीच्या चांगले दहा-बारा दिवस आधी मुलगा एकटाच आला. सून आणि नात माहेरी जाऊन मग येणार होत्या. पहिला दिवस त्याचा झोपण्यात आणि चकल्या खाण्यात गेला. ह्यांना तो चोरून बघत होता आणि हे त्याला चोरून बघताना बघत होते. घरात उगाच सगळे गोड बोलत होते. जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी तिघं मिळून खाली जाऊ. पोहे-जलेबी खाऊ कोपऱ्यावर. बरेच दिवस झाले."

"जाऊ की," हे म्हणाले.

कोपऱ्यावरचे पोहे हे निमित्त होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. मला भूकच राहिली नाही.

सकाळी मी उठले तर हे आंघोळ करून, कपडे करून तयार. रोजचा व्यायाम झालेला दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, आल्यावर करतो. मुलानं चपला घातल्या. हे खोलीतून आले ते ताठ चालत, चेहऱ्यावर दुखण्याचा मागमूस नाही. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या आनंदात मी एक साधी गोष्ट पाहिली नाही. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये मटारची पिशवी पडली होती, आणि तिच्यावरून पाणी निथळत होतं. ती मी नंतर पाहिली.

आम्ही उतरायला लागलो. मी नेहमीसारखं कोपर धरलं. मुलगा मुद्दाम मागे राहिला, बघायला. पहिला जिना हे असे उतरले की मी मागे वळून मुलाकडे बघितलं, बघ म्हणून. त्याच्या चेहऱ्यावरही थोडं हसू होतं. पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीचं दार बंद होतं, ह्याची मला हळहळ वाटली. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर पायऱ्या जरा निमुळत्या आहेत. तिथे ह्यांनी उजवा पाय टाकला तो पायरीच्या कडेवर. नेहमी गुडघा कळवायचा, इथे नाही, जरा आत. त्या दिवशी त्यानं काहीच कळवलं नाही. पाय निसटला, गुडघा वाकला, ह्यांनी कठड्याला मिठी मारली. आणि ह्यांचं कोपर माझ्या हातातून सुटल्यावर मी, जिला काही झालं नव्हतं, जिचे गुडघे ठणठणीत होते, ती उभी राहू शकले नाही. कुणी ढकलल्यासारखी मी भिंतीवर आपटले आणि तिथून खाली बसले. डावा पाय माझ्याखाली मुरगळला.

मुलगा दोन ढांगांत खाली आला. आरडाओरडा कुणी केला नाही. हे कठड्याला धरून हळूहळू माझ्यापासून दोन पायऱ्या वर बसले. मुलानं आधी माझा घोटा पाहिला, मग ह्यांचा गुडघा बघायला लेंग्यावरून हात लावला आणि हात तसाच ठेवला.

"बाबा, हा तर बर्फ आहे."

ह्यांनी लेंगा सारखा केला.

"बर्फ लावून लगेच उतरलात? तुम्हाला माहीत होतं ना, नाही उतरायचं?"

"माहीत होतं."

"गेरू-चुना," मी म्हणाले. मला राग आला होता. घोटा ठणकत होता, दुखत होता, आणि पुण्याची लिफ्ट आरशासकट माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. "सगळ्या वसाहतीला नावं ठेवलीत जन्मभर, आणि शेवटी स्वतःच्याच गुडघ्याला गेरू-चुना. ह्याच्यापेक्षा लंगडत उतरला असतात तर काय बिघडलं असतं? त्याला दिसलं असतं, दुखतंय पण उतरतात."

"तसं उतरता आलं नसतं," हे म्हणाले.

मुलगा मध्ये पडला. तो आता चिडलेला नव्हता, आणि म्हणूनच मला त्याच्या आवाजाची भीती वाटली. "आई, मी मागून बघत होतो," तो म्हणाला. "मी बाबांनाच बघायला आलो होतो, पण मला काही वेगळंच दिसलं. तू बाबांना धरत नव्हतीस. तू त्यांच्यावर टेकली होतीस. पूरा वजन. प्रत्येक पायरीला."

मी म्हणाले, काहीतरीच काय. मग मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कधी नव्हे ते नजर चुकवली, आणि मला समजलं की त्यांना ही बातमी नवी नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बरेच दिवस," हे म्हणाले. "पावसाळ्याच्याही आधीपासून. तू उतरताना हळूहळू भार टाकायला लागलीस. मला वाटलं, चालायचं. तुला वाटत होतं मला धरतेस, तर वाटू द्यावं." थोडं थांबून म्हणाले, "पण गुडघा दुखत असला आणि तू टेकलीस की मला कळ यायची, मी जरा बाजूला व्हायचो आणि तू भिंतीला धरायचीस. आज ह्याच्यासमोर झालो असतो तर तुझा तोल गेला असता. त्यानं तुला बघितलं असतं. म्हणून म्हटलं, आजच्यापुरतं दुखणं नको."

मी जिन्यावर बसून रडले. दुखलं म्हणूनही असेल. मुलगा आमच्या दोघांच्या मधल्या पायरीवर बसला आणि बराच वेळ कुणी उठलं नाही. वर जाताना त्यानं मला धरलं, मग परत खाली येऊन ह्यांना. पोहे-जलेबी तो एकटाच जाऊन घेऊन आला. गार झाले होते. तरी तिघांनी संपवले.

माझा घोटा मुरगळला होता, हाड शाबूत होतं. लाल दोऱ्याची पिशवी माझ्या पायाला लागली. साकेत नगरची मुलगी ह्यांच्यावर जेवढी रागावली त्याहून जास्त माझ्यावर रागावली. सूज उतरल्यावर तिनं मला भिंतीजवळ चांगल्या पायावर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. बर्फ नाही, दुखणं नाही, काही नाही, आणि मी मिटल्या मिटल्याच झुकले. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"वयानं तोल असा गुपचूप कमी होऊन जातो, काकू," ती म्हणाली. "गुडघा दुखतो तर माणूस लक्ष देतो. हे दुखत तर नाही. पण व्यायामानं सुधारतं. रोज करावं लागेल की, बस."

मुलगा तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. परत येताना रिक्षात मी मनातल्या मनात कुठली भांडी न्यायची, कुठली भजनवाल्या बायकांना द्यायची, ते ठरवून टाकलं. देव कुठल्या डब्यात बांधायचे तेही. मला वाटलं होतं मी भांडेन. पण मी टेकले होते, हे खरं होतं. खऱ्याशी काय भांडणार?

घरी आल्यावर तो पुन्हा बाहेर गेला. सोनागिरीत कारखान्याची सुटी कामं करणाऱ्या लोकांची वर्कशॉपं गल्लोगल्ली आहेत. तो एका वेल्डरला घेऊन आला आणि पायऱ्यांच्या भिंतीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत दुसरा कठडा बसवायचं ठरवून टाकलं. शेजाऱ्यांना विचारलं, ते खूशच झाले. त्यांच्याकडेही म्हातारी आहे. दिवाळीच्या आत कठडा लागला. ह्यांनी तो वेल्ड गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही, हे सांगायला नकोच.

सून आणि नात आल्या, दिवाळी झाली. लिफ्टचा विषय कुणी काढला नाही, आणि न काढलेला विषय घरभर होता. निघायच्या दिवशी बॅगा खाली गेल्यावर मुलगा परत वर आला.

"ते घर मी दुसऱ्याला द्यायला सांगितलंय," तो म्हणाला. "सध्या. पण एक अट आहे. आई रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर एका पायावर उभी राहणार. मला दिसलं पाहिजे. आणि आई, ज्या दिवशी नाही जमणार, त्या दिवशी नाही जमलं असं दिसू दे. मला फक्त खरं बघायचंय. ते बघून आपण ठरवू, जायचं की राहायचं. तिघं मिळून."

"बरं," मी म्हणाले. मला त्याला जवळ घ्यायचं होतं, ते मी घेतलं.

आता रोज सकाळी ह्यांचा व्यायाम, बर्फ आणि बसणं आटोपलं की माझी पाळी. फोन फळीवर डब्याला टेकवून उभा करायचा, पलीकडे मुलगा दात घासत असतो. मी भिंतीपासून हातभर अंतरावर एक पाय उचलते. डोळे उघडे ठेवून आता बऱ्यापैकी जमतं. मिटून अजून नाही.

परवा मी डोळे मिटले आणि डावीकडे जायला लागले. हे माझ्या डाव्या हाताला उभे असतात, फोनमध्ये दिसणार नाहीत असे. डोळे मिटलेले असतानाही मला कळलं की त्यांनी कोपर पुढे केलंय, नेहमीच्या उंचीवर, नेहमीच्या अंतरावर. हात आपोआप तिकडे गेला. मुलाला काहीच दिसलं नसतं.

"नको," मी म्हणाले. "गेरू-चुना नको."

मी पाय खाली टेकला. "आज नाही जमलं," मी फोनकडे बघून म्हणाले. मुलगा म्हणाला, ठीक आहे आई, पुन्हा कर. मी पुन्हा पाय उचलला. ह्यांनी कोपर मागे घेतलं होतं, पण ते तिथून हलले नव्हते.